वंशावळीची निवडटिपण : वाचकांचे प्रश्न

पितृपक्ष उलटला की वंशावळीबद्दलची पत्रं एकदम वाढतात. श्राद्धासाठी नावं काढली जातात, दिवाळीत भाऊबंद भेटतात, कोणीतरी लॅपटॉप उघडतं आणि नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत हे सगळ्यांच्याच लक्षात येतं. माझी नोकरी महसुलाच्या जुन्या कागदांत गेली. मोडी वाचते. निवृत्तीनंतर पंचवटीतल्या घरी येणाऱ्यांना घराण्याचे कागद लावायला मदत करते. त्या कामाच्या आधारावर ही उत्तरं. पत्रलेखकांची नावं नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत, उदाहरणांतली नावंही बदललेली आहेत.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी अंबडला कारखान्यात आहे, मूळ गाव निफाड तालुक्यात. मी, चुलतभाऊ आणि आत्येबहीण अशा तिघांनी घराण्याच्या वेगवेगळ्या एक्सेल फायली केल्या होत्या. दिवाळीत त्या एकत्र केल्या. आता सहाशेच्या वर ओळी झाल्या आहेत आणि बरीच माणसं दोनदा-तीनदा आली आहेत. 'गोविंद सखाराम' तर पाच ठिकाणी आहेत. तारखा काही इंग्रजी, काही शके, काही नुसत्या 'प्लेगच्या साली' अशा. डुप्लिकेट काढायचं बटण दाबलं तर काम होईल का?

बटण दाबू नका. ते फक्त अक्षरं बघतं, आणि आपल्याकडे दोन वेगळ्या माणसांची अक्षरं तंतोतंत सारखी असू शकतात.

आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपली रीत. सखारामचा मुलगा गोविंद, गोविंदचा सखाराम, त्याचा पुन्हा गोविंद. म्हणजे आजोबाही 'गोविंद सखाराम' आणि नातूही 'गोविंद सखाराम'. आडनाव तेच, गाव तेच, जमीनसुद्धा तीच. त्या बटणाने आजा-नातू एकाच ओळीत बसतील, मधला सखाराम एकाच वेळी एकाच माणसाचा बाप आणि मुलगा होईल आणि त्याखालची सगळी मुलंबाळं भलत्या पिढीत जातील. एकदा फाईल अशी जतन झाली की कोणती ओळ कोणाची होती हे परत काढणं फार जड जातं.

म्हणून सगळ्यात आधी तिघांच्या मूळ फायली जशाच्या तशा बाजूला ठेवा. त्यांत एक अक्षरही बदलू नका. एक प्रत पेनड्राइव्हवर, एक आत्येबहिणीकडे. दुरुस्ती करायची ती चौथ्या, नव्या फायलीत.

नव्या फायलीत प्रत्येक ओळीला क्रमांक द्या. साधा, एकापाठोपाठ एक. क्रमांकात पिढी किंवा शाखा गुंफायचा मोह होतो, 'तिसरी पिढी, दुसरा मुलगा' म्हणून ३-२ वगैरे. तो टाळा. उद्या वरती एक पिढी नव्याने सापडली की सगळे क्रमांक खोटे पडतात. दिलेला क्रमांक पुन्हा दुसऱ्याला द्यायचा नाही, ती ओळ रद्द झाली तरीही.

मग पाच गोविंदांकडे या. प्रत्येकासमोर चार गोष्टी लिहा : आईचं नाव, बायकोचं नाव, मुलांची नावं, आणि तो हयात असल्याचा किमान एक साल सांगणारा कागद. मी स्वतः बापाचं नाव सोडून आणखी तीन खुणा जुळल्याशिवाय दोन ओळी एक करत नाही. बायकोचं नाव वेगळं दिसलं म्हणून माणूस वेगळा असंही लगेच धरू नका. पहिली बायको बाळंतपणात जाणं आणि दुसरं लग्न होणं शंभर वर्षांपूर्वी घरोघरी होतं. शिवाय लग्नात नाव बदललेलं असतं, त्यामुळे एकच बाई एका कागदात गंगू आणि दुसऱ्यात राधाबाई असते. अशा वेळी मुलांची नावं कामाला येतात.

जमिनीच्या कागदांनी गोविंद सुटतात ते असे. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३ चा. त्यानंतर कर्ता पुरुष गेला की वारसांचा फेरफार, म्हणजे जमिनीच्या कागदावरचं नाव बदलल्याची नोंद, व्हायचा. त्यात 'मयत गोविंद सखाराम यांचे वारस' म्हणून मुलांची नावं येतात, कुठे विधवा बायकोचंही. एका गोविंदचे वारस सखाराम आणि रामचंद्र, दुसऱ्याचे पांडुरंग आणि दत्तात्रय असले की दोघे वेगळे झाले. पण तीन ठिकाणी जपा. फेरफाराची तारीख ही मृत्यूची तारीख नव्हे. नोंद कित्येकदा वर्षांनी झालेली असते. तुमच्या फायलीत मृत्यूच्या रकान्यात फेरफाराच्या तारखा भरल्या असतील तर त्या काढून 'या तारखेपूर्वी मृत्यू' असं लिहा. दुसरं, नावापुढे 'ए.कु.मॅ.' असेल तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर आहे. एकट्याचं नाव लागलं म्हणजे त्याला भाऊ नव्हते असं नाही. तिसरं, 'अ.पा.क. आई' असं असेल तर मुलगा अज्ञान, म्हणजे वयाने लहान होता आणि आई पालनकर्ती होती. एवढ्या तीन अक्षरांनी त्या मुलाचं वय, बाप गेल्याचा काळ आणि आई हयात होती ही बातमी एकदम मिळते. ती कोपऱ्यात टिपून ठेवा.

अजून जुन्या कागदात 'गोविंद बिन सखाराम' किंवा 'वलद सखाराम' येतं, म्हणजे सखारामचा मुलगा. 'राधाबाई कोम गोविंद' म्हणजे गोविंदची बायको. फायली भरणाऱ्या नव्या मुलांनी 'बिन' हे मधलं नाव समजून भरलेलं मी पुष्कळ पाहिलं आहे. फायलीत एकदा 'बिन' शोधून बघा, तुमच्याकडेही सापडेल.

ओळी एक करताना जुनी ओळ पुसायची नाही. तिच्यासमोर 'क्रमांक १४ मध्ये मिळवली' असं लिहा आणि कशावरून मिळवली ते एका वाक्यात. तांदूळ निवडताना खडा फेकून देतो. इथे खडा वाटला तरी तो वेगळ्या वाटीत ठेवायचा, कारण पुढच्या कागदाने तो दाणाच निघू शकतो.

आता तारखा. एक्सेल १९०० च्या आधीची तारीख तारीख म्हणून धरतच नाही, नुसता मजकूर म्हणून ठेवतं. त्यामुळे तुमच्या एकाच रकान्यात अर्ध्या तारखा आहेत आणि अर्धा मजकूर, आणि क्रम लावला की गोंधळ. कोणी वर्षाचे दोनच आकडे टाकले असतील, समजा १२/५/२१, तर पणजोबांचा जन्म २०२१ मध्ये जाऊन बसतो. म्हणून तो रकाना आधीच मजकूर म्हणून ठरवून घ्या आणि तारीख वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने लिहा : १८९४-११-०३. नुसतं साल माहीत असेल तर नुसतं साल. महिना-दिवस भरायचा म्हणून १ जानेवारी टाकू नका. 'सुमारे', 'पूर्वी', 'नंतर' हे तीन शब्द मोकळेपणाने वापरा.

शके साल असेल तर मूळ शके तसंच ठेवून शेजारच्या रकान्यात इसवी सन. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवायचे, जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९. शके १८४० चा कार्तिक म्हणजे १९१८, पण शके १८४० चा माघ म्हणजे १९१९. सरसकट ७८ मिळवून तयार झालेल्या फायलींत माघ-फाल्गुनातली सगळी माणसं एक वर्ष आधी जन्मलेली आणि एक वर्ष आधी मेलेली असतात. पेशवाईच्या काळातल्या कागदात सुहूर सन, ज्याला अरबी सनही म्हणत, आला तर ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात, फसली सनाला ५९० किंवा ५९१. त्या वर्षांची सुरुवात मृगाच्या सुमाराला, म्हणून दोन आकडे.

'प्लेगच्या साली' हे साल नाही. प्लेग मुंबईत १८९६ ला आला आणि नंतर कितीतरी वर्षं पुनःपुन्हा येत राहिला. त्यामुळे 'सुमारे १८९७ ते १९१०, प्लेग' एवढंच लिहा. उलट आजी म्हणाली असेल 'मानमोडीत गेले', तर ते १९१८, इन्फ्लुएंझाची साथ, आणि बहुतेक पावसाळ्यानंतरचे महिने. आपल्या नाशिकात अशा खुणा बऱ्याच आहेत. 'जॅक्सन साहेबाचा खून झाला त्याच्या मागच्या महिन्यात' असं कोणी सांगितलं तर जॅक्सन म्हणजे नाशिकचा तेव्हाचा कलेक्टर, खून २१ डिसेंबर १९०९ चा, म्हणजे महिनासुद्धा मिळाला. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला, पण तो पुढे काही वर्षं चालला, तेव्हा 'सत्याग्रहाच्या वेळी' म्हणजे कोणत्या वर्षी हे विचारून घ्या. 'सिंहस्थात झाला' हे सांगणं अगदी नेहमीचं. सिंहस्थ बारा वर्षांनी येतो, सुमारे १९२०, १९३२, १९४४, १९५६ असा. पिढी ठाऊक असेल तर यांतला कोणता ते लगेच ठरतं. गोदेचा १९६९ चा महापूर, बहात्तरचा दुष्काळ याही पक्क्या खुणा.

हे झाल्यावर फाईल अशक्य गोष्टींसाठी चाळा : जन्माआधी मृत्यू, आईच्या मृत्यूनंतर मूल, दोन सख्ख्या भावंडांत पाच महिन्यांचं अंतर, साठाव्या वर्षी बाळंतपण. पण आजच्या नजरेने अशक्य वाटणाऱ्या दोन गोष्टी अशक्य नाहीत. आठ-नऊ वर्षांची नवरी ही चूक समजून वय वाढवू नका; मुलींच्या लग्नाला चौदा वर्षांची अट घालणारा शारदा कायदा १९२९ चा आणि अंमल १९३० पासून. दुसरं, बाप मेल्यानंतर कित्येक वर्षांनी जन्मलेला मुलगा. त्याच्यावर लाल खूण करण्याआधी दत्तक आहे का बघा. विधवेने नवऱ्याच्या मागे मुलगा दत्तक घेणं रूढ होतं, आणि तो कायद्याने त्या मेलेल्या नवऱ्याचाच मुलगा.

प्रश्न : आम्ही छत्रपती संभाजीनगरला असतो. वडिलांच्या अस्थी घेऊन रामकुंडावर आलो तेव्हा उपाध्यांच्या वहीत पणजोबांची सही पाहिली. घाईत काहीच उतरवून घेतलं नाही. पुन्हा येणार आहोत. काय विचारावं, काय उतरवून घ्यावं?

पुन्हा या, आणि पितृपक्ष, अमावास्या, लागून आलेल्या सुट्ट्या टाळून या. उपाध्ये मंडळी त्या दिवसांत श्वास घ्यायला मोकळी नसतात. येताना आडनाव, जात, मूळ गाव आणि तालुका लिहून आणा. आत्ताचं शहर उपयोगाचं नाही. वह्या मूळ गावावर आणि कुळावर लावलेल्या असतात आणि एकेका उपाध्यांकडे ठरलेली गावं असतात. आडनाव मध्येच बदललेलं असेल तर जुनं आडनाव सांगा. परगणे आणि कुलकर्णी वतनं १९५० च्या कायद्याने गेली, त्या सुमाराला कित्येक कुलकर्ण्यांनी गावावरून आडनाव घेतलं. त्यांचे वडील सापडतील ते 'कुलकर्णी' म्हणूनच.

वही उघडली की नुसतं आपल्या पणजोबांचं नाव बघून थांबू नका. पूर्ण लेख वाचून घ्या. जुना लेख साधारण असा असतो : वर शके, महिना, तिथी, मग लिहिणाऱ्याचं नाव, बापाचं, आजाचं, मग भाऊ, चुलते, मुलगे, गाव, तालुका, कशासाठी आले, म्हणजे अस्थी, श्राद्ध की यात्रा, आणि शेवटी सही किंवा अंगठा. ज्याला लिहिता येत नव्हतं त्याच्यासाठी दुसऱ्याने लिहिलेलं असतं आणि त्या दुसऱ्याचंही नाव 'हस्ते' म्हणून कुठेतरी असतं. तो बहुधा बरोबर आलेला भाऊबंद किंवा गावकरी. त्यालाही टिपा. माझ्याकडे आलेल्या एका कुटुंबाला आपली दुसरी शाखा त्या 'हस्ते' नावावरूनच सापडली. कोण कोणाबरोबर रामकुंडावर आलं हे नात्याचं मोठं प्रमाण आहे.

उपाध्यांना विचारूनच फोटो काढा. वही ही त्यांच्या घराण्याची ठेव आहे, ती उन्हात किंवा फ्लॅशखाली ताणून धरू नका, यथाशक्ती दक्षिणा द्या. ते फोटोला नाही म्हणाले तर जागेवर बसून हाताने उतरवा, शब्दाला शब्द, चुकीचा वाटला तरी. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा नसतो आणि शब्द सुटे नसतात, सलग रेघेखाली येतात, त्यामुळे घाईत वाचलेलं नाव फसवं निघतं. वाचता आलं नाही ते अक्षर दिसतं तसं रेखाटून ठेवा, अंदाजाने भरू नका. फोटोच्या नावात उपाध्यांचं घराणं, वहीची ओळख, पान आणि दिनांक घाला. फोनमध्ये आकड्यांच्या नावाने पडलेला फोटो चार वर्षांनी कोणत्या वहीतला हे कोणालाही सांगता येत नाही.

शेवटी तुमचा स्वतःचा लेख लिहाल तेव्हा सुना, मुली, नाती सगळ्यांची पूर्ण नावं लिहा. उपाध्ये लिहून घेतात.

त्र्यंबकलाही जाऊन या. पुष्कळ घराण्यांचे लेख दोन्हीकडे असतात, आणि एकीकडे फक्त भावांची नावं असली तर दुसरीकडे मुलांची मिळतात.

प्रश्न : आजोबा, त्यांचे दोन भाऊ आणि एक बहीण, चौघांचीही जन्मतारीख दाखल्यावर १ जून आहे. हा योगायोग कसा?

योगायोग नाही. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, घरच्यांना तारीख सांगता यायची नाही, गुरुजी वय पूर्ण बसेल अशी १ जून घालायचे. वर्षही पुष्कळदा अंदाजाचं. फायलीत ती 'दाखल्यावरील जन्मतारीख' म्हणून ठेवा, कारण नोकरी, पेन्शन, आधार सगळं तिच्यावरच चालतं. खऱ्या जन्मासाठी वेगळी ओळ करा : जन्मपत्रिका, बारशाची वही, कोतवालाकडची जन्म-मृत्यूची नोंद म्हणजे गाव नमुना १४. त्या जुन्या नोंदीत मुलाचं नाव पुष्कळदा नसतंच, कारण बारसं व्हायचं असतं. बापाचं नाव आणि 'मुलगा' एवढंच. ती कोणत्या मुलाची हे भावंडांच्या क्रमावरून ठरवावं लागतं आणि 'क्रमावरून ठरवलं' असं तिथे लिहावं लागतं.

प्रश्न : आमच्या वंशावळीत सात पिढ्यांचे पुरुष आहेत. बायकांच्या जागी 'पत्नी' किंवा 'सौ.' एवढंच, मुलींचा तर उल्लेखच नाही. माझ्या मुलीने विचारलं, 'आई, माझं नाव कुठे येणार?' जुन्या बायकांची नावं आता मिळतील का?

मिळतील, बरीच मिळतील, आणि तुमच्या मुलीने योग्य तेच विचारलं. वारसा सांगण्यासाठी केलेल्या वंशावळीत बायका गाळल्या गेल्या, पण घरातल्या इतर कागदांनी त्यांना गाळलेलं नाही.

पहिला कागद श्राद्धाचा. देवघरात किंवा पंचांगात घडी घालून ठेवलेली महालयाची यादी शोधा. महालयात बाप-आजा-पणजा येतात तशी आई, आजी, पणजीही नावानिशी येते. पुढे आईचे वडील, आजोबा, मग बायको, मुलगा, मुलगी, काका, मामा, आत्या, मावशी, बहीण, सासू-सासरे, गुरू. भटजींना नाव सांगावंच लागतं, त्यामुळे ते लिहून ठेवलेलं असतं. माझ्या सासरी अशी एक यादी आहे, आजेसासऱ्यांच्या हातची, फुलस्केपचा उभा अर्धा कागद. त्यात 'भगिनी काशी' असं आहे. ही काशी आमच्या कोणत्याच वंशावळीत नव्हती. पुढच्या पिढीने यादी पुन्हा उतरवली तेव्हा तिच्यापुढे कंसात सासरचं गाव घातलं, येवलं. एवढ्या धाग्यावरून तिची नातवंडं मिळाली.

तिथीही वाचा. ज्या बाईचं श्राद्ध अविधवा नवमीला, म्हणजे भाद्रपद वद्य नवमीला होतं, ती नवऱ्याच्या आधी गेली. वर्ष माहीत नसलं तरी कोण आधी, कोण नंतर हे ठरलं. चतुर्दशीला होत असेल तर अपघाती किंवा शस्त्राने मृत्यूची शक्यता, विचारून घ्या. एखादी शाखा इंदूर-वाराणसीकडे असेल तर त्यांच्या कागदात हाच पंधरवडा आश्विन कृष्ण म्हणून येतो, कारण तिकडचा महिना पौर्णिमेला संपतो. दोन वेगळ्या तिथी समजू नका.

दुसरी जागा माळा. पितळेची, तांब्याची भांडी उतरवा. आपल्याकडच्या भांडी बाजारातून घेतलेल्या घंगाळावर, पराती-कळशीवर नाव घालून द्यायची पद्धत होती, आणि लग्नात दिलेल्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव असतं : मामा, आत्या, माहेरचे कोणी, आणि पुष्कळदा तारीख. काठाजवळ ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेली ती अक्षरं घासून घासून पुसट झालेली असतात. चिंचेने घासू नका. भांडं तिरपं धरा, बाजूने टॉर्च मारा, मग फोटो काढा. सावलीत अक्षर उठून येतं. माहेरचं आडनाव कळायला यासारखा कागद नाही.

तिसरी जागा फेरफार. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर वडिलांच्या मागे मुलींची नावं वारसांत येऊ लागली, पुष्कळदा लगेच हक्कसोड होऊन गेलीही. पण नाव, आणि सासरचं आडनाव, त्या फेरफारात राहिलं. चुलतआज्यांच्या सासरची गावं तिथून काढा.

आता फायलीत कसं लिहायचं. बाईची ओळ तिच्या जन्माच्या नावाने : नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. लग्नानंतरचं नाव वेगळ्या रकान्यात. ही पद्धत एकदा धरली की दोन माहेरं आपोआप जुळायला लागतात, कारण तुमच्या फायलीतली 'पत्नी' दुसऱ्या कोणाच्या तरी फायलीत मुलगी असते. माहेरचं नाव माहीत नसेल तर रकाना रिकामा ठेवा, सासरचं आडनाव तिथे भरू नका. मुलीखालची नातवंडंही लिहा. 'ती दुसऱ्या घरची' म्हणून तिथे रेघ मारू नका. तुमच्या मुलीला तिचा क्रमांक आजच द्या.

प्रश्न : वंशावळीसाठी कोणतं सॉफ्टवेअर चांगलं? आमच्याकडे काकांनी १९९० च्या दशकात टाइप केलेली फाईल आहे, ती उघडली की नुसती चित्रविचित्र इंग्रजी अक्षरं दिसतात.

काकांची फाईल खराब झालेली नाही. ती श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये आहे. अक्षरं युनिकोड नाहीत, म्हणून तो फॉन्ट नसला की अशी दिसतात. कोणता फॉन्ट होता ते काकांना किंवा टाइप करणाऱ्याला विचारा आणि त्याच फॉन्टचा परिवर्तक वापरून युनिकोड करा. नंतर रफार, जोडाक्षरं आणि ऱ्हस्व इकार डोळ्यांनी तपासा, तिथेच मोडतोड होते. काकांकडे छापील प्रत असेल तर ती समोर ठेवून.

सॉफ्टवेअरमध्ये मी ग्रॅम्प्स वापरते. फुकट आहे, मुक्त आहे, फाईल आपल्याच संगणकावर राहते. सारख्या वाटणाऱ्या व्यक्ती ते दाखवतं, पण मिळवायच्या की नाही हे आपल्यावर सोडतं. एका माणसाला अनेक नावं देता येतात, पाळण्यातलं, व्यवहारातलं, लग्नानंतरचं. एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जाताना जेडकॉम नावाची फाईल काढतात. ती काढताना यूटीएफ-८ निवडा, नाहीतर सगळी देवनागरी प्रश्नचिन्हं होऊन बसते. आणि 'पांडुरंग' पहिल्या उकाराने लिहायचं की दुसऱ्या, हे घरात एकदा ठरवा. शोधताना संगणकाला ती दोन माणसं वाटतात. कागदावर जसं होतं तसं मात्र नोंदीत शेजारी राहू द्या.

प्रश्न : वंशावळ नीट करताना कळलं की आमचे एक काका दत्तक गेलेले आहेत आणि घरात हे उघड बोललं जात नाही. काकू ८४ वर्षांच्या आहेत. वंशावळ छापून सगळ्यांना वाटायची आहे. काय करावं?

नोंद करायची. पण कुठे दिसू द्यायची हे वेगळं ठरवायचं. दोन्ही गोष्टी एकत्र केल्या म्हणून पुष्कळ घरांत वंशावळ अर्धी राहते, किंवा भांडण होऊन बंद पडते.

मूळ फायलीत काकांना आईबापांच्या दोन जोड्या द्या : जन्मदाते आणि दत्तक घेणारे. दत्तकाचा कागद असेल तर त्याची तारीख, नसेल तर कोणी सांगितलं आणि केव्हा. एकच जोडी ठेवून दुसरी पुसणं हे दोन्ही घरांवर अन्याय करणारं आहे. गोत्र आणि श्राद्ध दत्तक घराचं, जन्मदात्या घरातलं रक्ताचं नातं आणि आजारांचा इतिहास दुसऱ्या घराचा. उद्या काकांच्या नातवाला डॉक्टरांनी 'घरात कोणाला मधुमेह, हृदयरोग?' विचारलं तर उत्तर जन्मदात्यांच्या बाजूलाच मिळणार आहे.

छापायची प्रत वेगळी काढा. तीत हयात माणसांची फक्त नावं आणि नाती. जन्मतारीख, फोन, पत्ता नको. बँका आणि कितीतरी ठिकाणी जन्मतारीख आणि आईचं माहेरचं आडनाव विचारूनच ओळख पटवतात, आणि छापील वंशावळ व्हॉट्सअ‍ॅपवर गेली की कोणाच्या हाती पडेल सांगता येत नाही. दत्तक, दुसरं लग्न, सोडचिठ्ठी, लहानपणी गेलेली मुलं यांपैकी प्रत्येक ओळीबाबत त्या घरातल्या सगळ्यात जवळच्या हयात माणसाला विचारा. तुमच्या बाबतीत तो मान काकूंचा.

काकूंकडे एकटीने किंवा एकट्याने जा, सगळं गणगोत घेऊन नको. दुपारचं जेवण झाल्यावर, त्या निवांत असताना. फायलीतली ती ओळ त्यांना वाचून दाखवा आणि बरोबर आहे का विचारा, एवढंच. आपण होऊन जास्त बोलल्या तर ऐका, फोनवर ध्वनिमुद्रण करायचं असेल तर आधी सांगा. त्या 'छापू नका' म्हणाल्या तर छापील प्रतीत काका फक्त दत्तक आईवडिलांखाली येतील, आणि मूळ फायलीत त्या ओळीसमोर लिहा : 'काकूंच्या सांगण्यावरून छापील प्रतीत नाही', खाली तारीख.